माझं तसं काही झालं नाही

एका लेखात वाचलं की साठी उलटली की राग आपोआप निवळतो. माझा अनुभव वेगळा आहे बुवा. जन्म १९५५चा, बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ला ते कन्नड भाषकांच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं तेव्हा मी पाळण्यात होतो, पण त्याचा राग घरात ऐकून ऐकून पाठ झालेला. कन्नड शिकायचं नाही, हा हट्ट साठीपर्यंत धरला. शेताचा उतारा शेजाऱ्याकडून वाचून घ्यायचो आणि वर त्याच्याशीच वाद घालायचो!

मग धारवाडची सून आली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "ऊटा आतेन्री, मामा?" जेवण झालं का, एवढंच. कळलं होतं, तरी मी गप्प. ते गप्प बसणं आजही खुपतं.

आता नातवाशेजारी बसून कन्नड मुळाक्षरं गिरवतो. 'प' आणि 'व' सारखेच दिसतात, पोरगा वैतागतो. बेळगाव तिकडे गेल्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीला मात्र अजून जातो, ते सोडलेलं नाही. निघताना "पाण्याची बाटली घेतली का?" हे सूनच विचारते, मराठीत.