‘साध्या खरेदीखताला दीड महिना’: एक स्टार देणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांना विषय कळावा म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडते. सोलापूरच्या भवानी पेठेतलं जुनं घर घ्यायचं होतं. ओळखीचा एजंट दोन दिवसांत खरेदी लावून देतो म्हणत होता, आमच्या दस्ताच्या कामाच्या ऑफिसात दीड महिना गेला. विकणाऱ्याच्या बहिणीची सही आणायला लावली, सर्चचे वेगळे पैसे घेतले, सरकारी फी पाच टक्क्यांऐवजी सहा लावली, रोखीला आडवं लावलं, आणि एवढं करून उताऱ्यावर अजून नाव नाही. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलते. फाइलमधलं बाकी काही इथे येणार नाही.

दस्त टाईप व्हायला एक दुपार पुरते. वेळ गेला तो बहिणीच्या सहीत, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

पेठेतल्या जुन्या घरांचं मालमत्ता पत्रक, म्हणजे उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, काढलं की बहुतेक वेळा त्यावर वारलेल्या माणसाचं नाव असतं. घरात मुलगा राहतो, टॅक्स तो भरतो, लाइटबिल त्याच्या नावावर, त्यामुळे सगळी गल्ली त्यालाच मालक म्हणते. कायदा म्हणत नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले आणि घर त्यांच्या स्वकष्टाचं असेल, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बायको, आई, मुलगे, मुली सगळे सारखेच हिस्सेदार. इथे प्रत्येक जण मला एकच वाक्य ऐकवतो, “तिचं लग्न 94 च्या आधी झालंय, तिला हक्क नाही.” हे वाक्य हवेतून आलेलं नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हक्क दिला, तेव्हा आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. पण तो विषय फक्त वडिलोपार्जित मिळकतीचा होता. वडिलांच्या स्वतःच्या घरात मुलीचा हिस्सा 1956 पासूनच आहे. आणि वडिलोपार्जित मिळकतीतही 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने आणि 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने लग्न कधी झालं हा प्रश्नच उरला नाही. लोकांच्या डोक्यात मात्र 94 घट्ट बसलंय.

“लग्नात तिला सगळं दिलं, ती काही मागणार नाही” हेही रोजचं. नसेल मागत, चांगलंच आहे. मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं, नाहीतर खरेदीखतातच संमती देणारी म्हणून सही-अंगठा करावा. तोंडी सोडलेला हक्क, किंवा राखीपौर्णिमेला साध्या कागदावर लिहून दिलेला हक्क, सुटत नाही. उद्या ती नाही आली तरी तिची मुलं वाटपाचा दावा लावू शकतात. तेव्हा विकणारा पैसे घेऊन पुण्याला गेलेला असतो आणि दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या चढतो तो घेणारा. तुमच्या बाबतीत मी तेवढंच टाळलं. अशी फाइल पुन्हा आली तरी सही आणायलाच लावीन.

आता एजंटचे दोन दिवस. दोन दिवसांत रजिस्ट्री होते, यात खोटं काही नाही. पब्लिक डेटा एंट्री करा, म्हणजे दस्ताची माहिती ऑनलाइन भरा, चलन भरा, टोकन घ्या, दोन ओळखदार उभे करा, फोटो-अंगठा द्या, संध्याकाळी सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, हातात. पण नोंदणी झाली म्हणजे सरकारने मालकीवर शिक्का मारला, ही समजूत चुकीची आहे. दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदणारे अधिकारी, विकणाऱ्याची मालकी तपासून निकाल देत नाहीत, ते त्यांचं कामच नाही. तमिळनाडूत नोंदणीच्या वेळी मालकी पाहण्याचा नियम केला होता, तो सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2025 मध्ये रद्द केला. म्हणजे ज्याची मालकी नाही त्याच्याकडूनही रीतसर नोंदलेलं खरेदीखत मिळू शकतं. फक्त मालकी मिळत नाही.

ते तपासणं म्हणजेच सर्च, आणि त्याचे पैसे वेगळे का, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पावतीवरही वेगळी ओळ आहे. आमचे वकील साधारण तीस वर्षांच्या नोंदी बघतात. अलीकडच्या ऑनलाइन सापडतात. जुन्यासाठी कार्यालयात बसून सूचीची पुस्तकं चाळावी लागतात, आणि त्यात पानं फाटलेली असली तर तसं अहवालात लिहावं लागतं. बँकेचं कर्ज फिटलंय पण पत्रकावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तसाच आहे, हा प्रकार तर दर आठवड्याला निघतो. त्याला बँकेचा दाखला आणून बोजा कमी करून घ्यायचा, एवढंच. पण सावकाराकडे मूळ दस्त ठेवून हातउसने घेतलेले पैसे कुठल्याच पुस्तकात दिसत नाहीत. म्हणून पेपरात जाहीर नोटीस, म्हणून मूळ कागद डोळ्यांनी बघायचा हट्ट. झेरॉक्सवर मी काम करत नाही.

जाता जाता हद्दवाढ भागात प्लॉट बघणाऱ्यांना एक सांगून ठेवते. 1992 ला हद्द वाढली तशी कितीतरी गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट, शहरात आली, आणि तिथे अजून नोटरी केलेल्या बॉन्डवर आणि कुलमुखत्यारपत्रावर ‘खरेदी’ होते. असल्या कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच स्पष्ट सांगितलंय. स्वस्त पडतं खरं, पण बँक अशा कागदाला हातही लावत नाही.

सरकारी फी. हा आरोप मला सगळ्यात जास्त लागला, कारण त्या पैशाला आमचा हातच लागत नाही. चलन ग्रासवर, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन भरणा साइटवर, तुमच्या नावाने निघतं, रक्कम तुमच्या खात्यातून थेट शासनाकडे जाते आणि नोंदणीच्या वेळी ते चलन डिफेस होतं, म्हणजे पुन्हा वापरता येऊ नये म्हणून रद्द होतं. चलनाचा नंबर तुमच्याकडे आहे, शासनाच्या साइटवर टाकून बघा. सोलापूर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 5 टक्के अधिक स्थानिक संस्थेचा 1, मिळून 6 टक्के. एजंटने सांगितलेले 5 टक्के लागू होतात ते राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर. सोबत नवऱ्याचं नाव घातलं की सवलत गेली. शुल्क ठरलेल्या किमतीवर की रेडीरेकनरवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरावर, तर जे जास्त त्यावर: सौदा 30 लाखांचा आणि रेडीरेकनर 33 लाखांचा, तर 33 लाखांवर 1,98,000 रुपये. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 च्या वर नाही.

रोखीचं म्हणाल तर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला, घेतली तेवढ्या रकमेचा दंड आयकर खातं लावू शकतं. आम्ही ‘आडवं लावलं’ ते विकणाऱ्याच्याही भल्याचं होतं. शिवाय दस्तात किंमत कमी दाखवली तर कर्जही कमी बसतं, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा नफा फुगून कर तुमच्या अंगावर येतो. तुमचा सौदा 50 लाखांच्या आत म्हणून टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कर कापण्याचा, प्रश्न आला नाही. 50 लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने 1 टक्का कापून भरायचा असतो, आणि विकणारा परदेशात राहणारा असेल तर नियम वेगळाच.

राहिलं उताऱ्यावरचं नाव. खरेदीखत नोंदलं की नाव आपोआप तिन्हीकडे लागतं असं नाही. मालमत्ता पत्रक नगर भूमापनकडे, टॅक्स महापालिकेकडे, लाइटबिल महावितरणकडे. टॅक्स पावतीवर नाव आलं म्हणजे मालकी आली, असंही नाही. पत्रकाच्या फेरफारात, म्हणजे नाव बदलायच्या नोंदीत, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि कोणी हरकत घेतली तर ते तक्रारी प्रकरण होऊन सुनावणीला जातं. बहिणीची सही दस्तात असल्याने निदान तिच्याकडून हरकत यायचं कारण उरलेलं नाही.

फेरफारचा अर्ज दिलेला आहे, पोच तुमच्या व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. नोटिशीची मुदत संपली की आधार आणि सूची दोनची प्रत घेऊन ऑफिसला या, नवीन पत्रक काढून देऊ. त्याची वेगळी फी नाही, नकलेची सरकारी फी तेवढी भरावी लागेल. तुमचे मूळ कागदही कपाटात आहेत, येताना खरेदीदार म्हणून स्वतः या, दुसऱ्याच्या हाती देणार नाही. एजंट आला तरी नाही.