झाडालेच मारून राहिले जी!

दगड मारून चिंचा पाडण्यात मी आजवर गावात कुणाला हार गेलेलो नाही. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण बोट दाखवाल तो आकडा आजही खाली आणतो. त्यामुळे फाल्गुनात अमेरिकेतला भाचा आला आणि त्यानं पिशवीतून प्लास्टिकच्या आठ चकत्या काढून खाटेवर मांडल्या, तेव्हा मी मनातल्या मनात जिंकूनही बसलो होतो. खेळाचं नाव डिस्क गोल्फ. काठी आणि चेंडूऐवजी चकती, भोकाऐवजी साखळ्या लटकवलेली टोपली; कमीत कमी फेकींत चकती टोपलीत पडली पाहिजे.

"फेकनंच आहे ना?" मी विचारलं.

"गंजावरची झाकनं दिसून राहिली मले तं," आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या.

आमचं गाव साकोली तालुक्यातलं. या भागाला झाडीपट्टी म्हणतात ते उगाच नाही. भाच्यानं शेतामागच्या सागांमधून साठेक मीटरची वाट निवडली. शेवटी मोहाचं झाड. फुलं वेचायला त्याच्याखालचा पाचोळा झाडून जमीन अंगणासारखी केलेली, म्हणून टोपली तिथेच. टोपली म्हणजे बांबूचा टोपला, आणि साखळ्यांच्या जागी वर टांगलेली बैलांची घुंगुरमाळ, जी एरवी पोळ्याशिवाय खुंटीवरून निघत नाही.

मी आठांतली सगळ्यात पातळ धारेची चकती उचलली. वेगाचा आकडा 12. प्रत्येक चकतीवर असे चार आकडे असतात: वेग किती, तरंगते किती, सुरुवातीला कुठे कलते आणि जोर ओसरल्यावर कुठे वळते. भाचा म्हणाला, "मामा, ती नका घेऊ. तिला हाताचा फार वेग लागतो. झाडीत जाड काठाची, 2-3 वेगाची पटर घ्या. हळू फेकली तरी सरळ जाते." मामानं 2 नंबरची वस्तू घ्यायची? गावासमोर?

गाव म्हणजे बकऱ्या चारणारा एक पोरगा आणि त्याच्या अकरा बकऱ्या. पण बातमी पसरायला तेवढं पुरे.

मी सगळा जोर लावून फेकली. ठक्! पहिलाच साग. चकती मागे येऊन माझ्या पायाशी पडली. दुसऱ्यांदा तोच साग. तिसऱ्यांदा त्याच्या शेजारचा.

"गुरुजी," पोरगा काळजीनं म्हणाला, "तुम्ही तं झाडालेच मारून राहिले जी. त्या झाडानं का केलं तुमचं?"

तिथे मला माझं दुखणं कळलं. पन्नास वर्षं हा हात झाडाला लागावं म्हणून फेकत आलाय. झाड चुकवायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. भाचा म्हणे, "टोपलीकडे बघू नका, खोडाकडे तर नकोच. पहिल्या फटीकडे बघा." मी फटीकडे बघायचो आणि हात जुन्या ओळखीनं खोडाकडे जायचा.

शिवाय वळण्याची भानगड. उजव्या हातानं, छातीजवळून पाठमोरा हात सोडला की चकतीचा जोर ओसरताच ती डावीकडे जाते, संध्याकाळी बैल गोठ्याकडे ओढ घेतो तशी. तळहात पुढे ठेवून बाजूनं फेकली तर उजवीकडे. म्हणजे झाड कुठल्या अंगाला आहे ते बघून हात ठरवायचा. फेकण्याआधी एवढा विचार मी लग्नाच्या वेळीही केला नव्हता.

चौथी चकती झाडाला लागली नाही. सरळ गेली आणि हरवली. रंग नारिंगी, आणि वाटेत पळस फुललेला. चकती हरवली तर शोधायला 3 मिनिटं, नंतर एक फेक दंड, असा नियम आहे. आमच्याकडे तो सक्तीनं पाळला जातो. तिसऱ्या मिनिटाला या झुडपांत कुणी थांबतच नाही, कारण वाघाला खेळाचे नियम माहीत नाहीत. पळस फुललेला असताना निळी चकती घ्यावी, हे मात्र भाच्याच्या आकड्यांत कुठे लिहिलेलं नव्हतं. निळी सागाच्या वाळल्या पानांतही उठून दिसते.

दम खायला बसलो तेव्हा भाच्यानं या खेळाच्या जनकाची गोष्ट सांगितली. एड हेड्रिक. यांनीच साखळ्यांची टोपली काढली. 2002 मध्ये वारले, तर त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थींची राख मिसळून चकत्या बनवल्या. आम्ही राख वैनगंगेत सोडून मोकळे होतो. हा माणूस मेल्यावरही सागाला धडकायला तयार!

तेवढ्यात पोरग्यानं पटर उचलली. ना जोर, ना आव. ताटात भाकर सरकवावी तशी सोडली. तीन खोडांमधून ती अलगद गेली आणि घुंगुरमाळ खणखणली. गोठ्यातले दोन्ही बैल पोळा आला समजून उठून उभे राहिले.

आता माघार घेणं शक्य नव्हतं. मी निळी पटर घेतली, जोर निम्मा केला, फटीकडे बघितलं. पहिला साग चुकला, दुसरा चुकला! आनंदात शेवटच्या क्षणी हात जरा उचलला गेला होता, तेवढ्यानं चकती वर चढली आणि बांधावरच्या चिंचेत अडकली. दोन मीटरच्या वर अडकली तर दंड, हे भाच्यानं सकाळीच जाहीर केलं होतं.

"काठी आना," भाचा म्हणाला.

"राहू दे," म्हणत मी दगड उचलला.

पहिल्याच दगडात चकती खाली आली. सोबत दोन चिंचा. भाच्यानं वहीत दंड लिहिला, पोरग्यानं टाळी वाजवली, आणि मी एक चिंच त्याला देऊन दुसरी तोंडात टाकली. गाभुळलेली होती.