आयरिश माणूस जर्मन माणसापेक्षा दुप्पट सुखी नाही

आयर्लंडचा दरडोई जीडीपी (देशाचे वर्षभराचे एकूण उत्पादन भागिले लोकसंख्या) जर्मनीच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणून तिथले राहणीमानही दुप्पट चांगले. शिवाय कर कमी आणि भाषा इंग्रजी, मग जर्मनीला जायचेच कशाला, असा मजकूर परदेशी शिक्षणाची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये आणि त्यांच्या पालकांमध्ये सतत फिरत असतो. यातला आकडा खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि अशा निष्कर्षाच्या भरवशावर कुटुंबे कर्ज काढतात, म्हणून त्याचे खंडन करणे मला आवश्यक वाटते.

आधी जीडीपी पाहू. 2015 मध्ये आयर्लंडची अर्थव्यवस्था एका वर्षात 26 टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले, परंतु त्या वर्षी तिथे ना तेवढे कारखाने उभे राहिले, ना लोकांचे पगार तेवढे वाढले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी बौद्धिक संपदा आपल्या आयरिश उपकंपन्यांच्या नावावर केल्याचा तो परिणाम होता. एखादा फोन चीनमध्ये जुळवला जातो, फ्रान्समध्ये विकला जातो आणि आयर्लंडच्या बंदरात कधी उतरतही नाही; तरीही त्याची मालकी आयरिश उपकंपनीकडे असेल, तर त्यावरची कमाई आयर्लंडच्या खात्यात जमा होते. हा फुगवटा इतका मोठा ठरला की देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने 2017 पासून असा फुगवटा वगळणारे ‘सुधारित राष्ट्रीय उत्पन्न’ हे वेगळे माप प्रसिद्ध करायला सुरुवात केली, आणि ते अलीकडे जीडीपीच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक भरते. कुटुंबे प्रत्यक्षात किती वस्तू आणि सेवा वापरतात, हे पाहणारे युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी संस्थेचे माप घेतले, तर जर्मनी युरोपीय संघाच्या सरासरीच्या बरीच वर आहे आणि आयर्लंड जर्मनीच्या मागे आहे.

कराचा मुद्दा बरोबर आहे: सरासरी पगाराच्या एकट्या नोकरदाराच्या वेतनातून जर्मनीत होणारी कपात आयर्लंडपेक्षा पुष्कळ जास्त असते. पण हातात आलेला पगार जातो कुठे, हेही सांगायला हवे. 2023 मध्ये आयर्लंडमधील ग्राहक किमती युरोपीय संघाच्या सरासरीहून सुमारे 40 टक्के जास्त होत्या, तर जर्मनीतील सुमारे 10 टक्के. राजधानी डब्लिनमध्ये नव्याने भाड्याने घेतलेल्या घराचे सरासरी भाडे महिन्याला 2,000 युरोंच्या वर गेले आहे. सुमारे 51 लाख लोकसंख्येच्या या देशात 2022 च्या जनगणनेनुसार 5 लाखांहून अधिक प्रौढ व्यक्ती आई-वडिलांच्या घरी राहत होत्या. हे आपल्याकडच्या एकत्र कुटुंबासारखे समजू नये, कारण यातल्या अनेकांना वेगळे घर हवे आहे, पण ते परवडत नाही.

जर्मनीत कापल्या जाणाऱ्या रकमेतला मोठा भाग आरोग्य विम्यात जातो आणि सुमारे 90 टक्के लोक सार्वजनिक विम्याखाली आहेत. डॉक्टरकडे जाताना ते विमा कार्ड दाखवतात, फी देत नाहीत. आयर्लंडमध्ये सरकारकडून मिळणारे मेडिकल कार्ड किंवा मोफत तपासणीचे कार्ड नसलेल्या प्रौढाला साध्या तपासणीचे साधारण 50 ते 70 युरो स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात. म्हणजे कमी कराचा काही भाग तिथे दवाखान्यात चुकता होतो.

भाषेचा फायदा मात्र खरा आहे. जर्मनीत सरकारी कचेरी, भाडेकरार आणि बऱ्याचशा नोकऱ्या यांसाठी जर्मन यावीच लागते. मात्र तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणी शुल्क नसते; आयर्लंडमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला ते वर्षाला हजारो युरोंत भरावे लागते.