दुसरा पडेना

आमच्या गाडीला पाच गिअर आहेत. त्यातले चार मनमिळाऊ आहेत. दुसऱ्याचं मात्र सकाळी सकाळी कुणाशीच पटत नाही.

न्यू जर्सीतला जानेवारी. सिग्नल सुटतो, पहिल्यातून दुसऱ्यात टाकायला दांडी मागे ओढावी तर ती मध्येच कशाला तरी अडते. थोडा जोर लावला की तळहातात खडखड जाणवते आणि मग एकदाचा 'खट्' करून गिअर पडतो. तेवढ्यात मागचा माणूस हॉर्न वाजवून मोकळा झालेला असतो. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालली, तेल तापलं, की हाच दुसरा असा गुपचूप पडतो की सकाळी तमाशा कुणी केला होता असा प्रश्न पडावा.

गाडी १९९४ सालची माझ्दा मियाटा. दोन सीटा, वर कापडी टप आणि उंची अशी की शेजारी पिकअप ट्रक उभा राहिला तर आपण त्याच्या चाकाच्या नटांशी नजरानजर करतो. १९८९ मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हापासून लोक तिच्या गिअरचं कौतुक करत आलेत. दांडी आखूड, आणि ती थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसवलेली. मध्ये केबल नाही, लांबलचक सळ्या नाहीत. नुसतं मनगट हलवलं की काम झालं. ज्या गिअरसाठी गाडी घेतली तोच रुसलेला. पण त्यात गाडीचा काय दोष? तीस वर्षांच्या रबराने आणखी किती दिवस नोकरी करायची?

मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. चूकच... नाही, चूक म्हणत नाही, करमणूक झाली. एकाने लिहिलं, डबल क्लच मार, जुने एसटीचे ड्रायव्हर मारायचे. (म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच: मध्ये न्यूट्रलला सोडायचा आणि पुन्हा दाबायचा. मारून पाहिला. उपाय खरा आहे, पण कामाला जाताना दर सिग्नलला एवढे पाय कोण हलवणार?) दुसऱ्याने 'विकून टाक' एवढंच लिहून खाली फुलं टाकली. विजेची गाडी घेतलेले एक गृहस्थ म्हणाले, 'आमच्यात गिअरच नसतो.' सूर इतका सात्त्विक होता की फोन कपाळाला लावावासा वाटला.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडीतून एक चक्कर मारली आणि गिअरबॉक्स बदलायला सांगितला. त्याने सांगितलेल्या पैशात अख्खी गाडी आली होती. त्याचे आभार मानून मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, "मीच करतो."

"दिवाळीपासून बाथरूमचा नळ गळतोय," ती म्हणाली. "त्याला गिअर असता तर केव्हाच दुरुस्त झाला असता."

आधी क्लच तपासला. त्याची खूण सोपी आहे: इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर सगळेच अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजायचं. या गाडीत बहुधा क्लचचा खालचा सिलिंडर गळतो. माझा कोरडा होता. शिवाय भांडण एकट्या दुसऱ्याशी. म्हणजे मामला तेलाचा आणि दांडीच्या बुडाचा.

शनिवारी गाडी स्टँडवर चढवली आणि मी खाली शिरलो. गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात, बाजूला तेल भरायचा आणि तळाला सोडायचा. आधी भरायचा बोल्ट सुटतोय ना ते पाहायचं. नाहीतर तेल सांडून जातं, भरायचा बोल्ट गंजून बसलेला निघतो, आणि गाडी आहे तिथेच राहते. माझा सुटला, त्यासाठी पान्याला पाइप लावून वर लोंबकळावं लागलं, ते सोडा.

सासूबाई सांगलीहून बर्फ बघायला म्हणून मुद्दाम थंडीत आल्या होत्या. दोन दिवसांत बर्फ बघून झाला, तेव्हा आता त्या शाल पांघरून गॅरेजात खुर्ची टाकून बसल्या. तेल परातीत उतरलं. काळं, आणि त्यात बारीक सोनेरी चमक.

"मिलिंदराव, सोनं निघालं की काय?"

"पितळ आहे, आई."

मग सांगावंच लागलं. गिअर बदलताना दोन फिरत्या भागांचा वेग जुळावा लागतो. त्यासाठी मध्ये एक पितळी कडं असतं, सिंक्रोनायझर. ते घासून वेग जुळवतं, मग दातात दात बसतात. थंडीत तेल घट्ट झालं की या कड्याला नीट घासताच येत नाही. त्यात आधीच्या मालकाने कुठलं तेल ओतलं होतं देव जाणे. जीएल-५ जातीच्या तेलात गंधक-फॉस्फरसचा मसाला जास्त असतो. मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला तो चालतो, पण त्यातली काही तेलं पितळेला बाधतात. म्हणून इथे जीएल-४ बघून घ्यायचं.

"म्हणजे कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवल्यासारखं," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा शालीत शिरल्या. मला हे कळायला पाच व्हिडिओ लागले होते.

दोन लिटर नवं तेल आत गेलं. मग गाडीत बसून गिअरची मूठ फिरवून काढली, कन्सोल उचकटला, वरचं रबर काढलं, तीन बोल्ट सोडले आणि दांडी अलगद हातात आली. तिच्या बुडाशी गोळा असतो आणि तो तेलाच्या एका छोट्या विहिरीत बुडालेला असावा लागतो. या विहिरीचं तेल वेगळं; खालचं बदललं म्हणून हे बदलत नाही. माझ्या विहिरीत तळाला काकवी होती. खालचा रबरी बूट उभा फाटलेला, दांडीच्या टोकावरचं प्लॅस्टिकचं टोपण चिरलेलं. गॅरेजवाल्याच्या गिअरबॉक्सचा आजार तो हा.

काकवी पुसताना काही आत पडू नये म्हणून भोकात बोळा कोंबायला सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला. अमेरिकेत येताना हा कशासाठी आणला होता ते विचारायचं धाडस झालं नाही. नवं तेल मोजून घालायचं होतं, साधारण ८५ मिली. घरात मोजायला एकच वस्तू होती, मुलाला तापाचं औषध द्यायची दहा मिलीची सिरिंज. मी एकेक सिरिंज आत सोडत होतो.

"जेवणाआधी की नंतर?" त्यांनी विचारलं.

गिअर तेलाचा वास घरभर गेला. बायको वरून धावत आली. तिला वाटलं फोडणीत हिंगाची डबी उपडी झाली. ते तसं अगदीच चूक नव्हतं, दोन्हीकडचा उग्रपणा गंधकाचाच. सिरिंज मात्र तिने माझ्यादेखत कचऱ्यात टाकली.

रविवारी सकाळी, काचेवर बर्फ असताना, गाडी काढली. पहिला. मागे ओढला. दुसरा पडला. मी पुन्हा न्यूट्रल करून पुन्हा टाकला. पडला. गल्लीच्या टोकापर्यंत मी विनाकारण दुसऱ्यात जात-येत होतो.

सासूबाईंना ब्रिजवॉटरच्या बालाजीला जायचं होतं. दोनच सीटा असल्यामुळे बायको दारात उभी राहिली, आणि ती फारशी दुःखी दिसली नाही. आत बसताना सासूबाईंचे निम्मे श्लोक म्हणून झाले. हायवेच्या चढणीवर मी हौसेने दुसऱ्यातच गाडी ताणत होतो.

"मिलिंदराव, ओरडतेय ती. तिसरा टाका."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"पुढे बघा. मी यांच्या फियाटवर शिकले. तिचे गिअर स्टिअरिंगला असायचे, आणि थंडी नसतानाही पडायचे नाहीत." थोड्या वेळाने त्यांनी पर्स उघडली. मला वाटलं देवळासाठी सुटे डॉलर काढताहेत. त्यांनी एक करड्या रंगाची पुस्तिका काढून माझ्यासमोर धरली.

"येतानाच काढून आणलाय आंतरराष्ट्रीय परवाना. परत येताना इकडच्या सीटवर तुम्ही बसा."