खरेदीदाराला प्रश्न विचारणं म्हणजे त्याचा अपमान नव्हे

घरातली एखादी महागडी वस्तू ऑनलाइन विकायला काढली की आपल्याकडची बरीचशी सज्जन माणसं एकाच प्रकारे वागतात. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून स्वतःच अवघडून घेतात. ‘पैसे आधी द्या’ म्हणायला जीभ रेटत नाही. ओळखपत्र मागायचा संकोच वाटतो. पैसे जमा झाले का हे त्याच्यादेखत बघितलं तर त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं वाटतं. लबाड खरेदीदार नेमका या भिडेवर जगतो. भीड भिकेची बहीण, हे आपल्या आज्यांनी उगाच नाही सांगून ठेवलं.

ऑनलाइन फसवणुकीच्या बहुतेक सूचना विकत घेणाऱ्यांसाठी असतात. स्वस्त दिसलं म्हणून भुलू नका, आगाऊ रक्कम भरू नका, वगैरे. विकणाऱ्याला कोण सांगतं? त्याला वाटतं, पैसे तर मला मिळायचेत, मला कसला धोका? या समजुतीमुळेच तो बेसावध राहतो.

आमची मावशी नाशिकला असते. काका गेल्यावर त्यांचा कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स तिने वर्षभर कपाटात जपून ठेवली. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, नुसतं ठेवून वाया जाईल, त्यापेक्षा कुणा होतकरू पोराच्या कामी येऊ दे, असं म्हणून तिने जाहिरात टाकली. काही मिनिटांत फोन. “मॅडम, मैं फौज में हूँ, देवलाली कॅम्प में पोस्टिंग है.” घासाघीस नाही, एकही प्रश्न नाही, सांगितलेली किंमत मान्य. व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो आला, ओळखपत्र आलं, कँटीन कार्डही आलं. ड्युटीवर असल्यामुळे स्वतः येता येत नाही, जवान येऊन वस्तू घेऊन जाईल, पैसे आत्ताच पाठवतो म्हणाला. मग त्याने एक क्यूआर कोड पाठवला. “आर्मी का अकाउंट अलग होता है मॅडम, पहले आप स्कॅन करके पाँच रुपये भेजो, दस वापस आएगा.” तिने पाच पाठवले, खरोखरच दहा आले. मग मोठ्या रकमेचा कोड आला. मावशीने तो स्कॅन केला, पिन टाकला, आणि खात्यातून ₹२४,००० गेले.

मावशी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. ती भोळी नाही. तिने मला नंतर सांगितलं, “मला मधेच शंका आली होती रे. पण सैन्यातल्या माणसाला कसं विचारायचं, तुम्ही खरे कशावरून?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला अपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या घराघरातून माणसं सैन्यात गेली, म्हणून गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात सैनिकाबद्दल जो आदर आहे तो पिढ्यानपिढ्या कमावलेला आहे. तोच आदर कुणीतरी फोनवर चोरीचं ओळखपत्र दाखवून वापरतो. ते ओळखपत्र बहुधा कुठल्यातरी खऱ्या जवानाचंच असतं, त्याच्याही नकळत फिरत असलेलं. मला पैशांपेक्षा याचा राग जास्त येतो.

आता यातली तांत्रिक बाजू, कारण ती एकदा नीट कळली की पुढची सगळी नाटकं उघडी पडतात. यूपीआय २०१६ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून त्याचा एक नियम बदललेला नाही: पिन टाकला की पैसे जातात. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. स्कॅन करावं लागत नाही, लिंकवर टिचकी मारावी लागत नाही, कुठलं ॲप उतरवून घ्यावं लागत नाही. तुम्ही झोपलेले असलात तरी पैसे येतात. सैन्याचं खातं, कंपनीचं खातं, परदेशातलं खातं, कुणाचंही ‘उलटं’ चालत नाही. पूर्वी हेच लोक ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ पाठवायचे, म्हणजे पैसे मागणारी विनंती, आणि ती मंजूर केली की पैसे मिळतील असं सांगायचे. व्यक्ती-व्यक्तीमधली ही सोय एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, हे फार चांगलं झालं. पण क्यूआर कोड आहेतच, आणि फोनवर गोड बोलणारा माणूसही आहेच.

एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी अशा ऑनलाइन भामट्यांच्या शोधात नूह जिल्ह्यातल्या अनेक गावांत एकाच वेळी छापे घातले. खोटी सिमकार्डं, खोट्या नावांची बँक खाती असं बरंच घबाड सापडलं. समोर बोलणारा एकटा भामटा नसतो. त्यामागे संवाद पाठ केलेली माणसं असतात, आणि कुणाच्या गावाजवळ कुठली छावणी आहे हेसुद्धा ती बघून ठेवतात. नाशिकला देवलाली, नगरला आर्मर्ड कोअर, पुण्याला सदर्न कमांड. तेव्हा ‘शिकल्या-सवरलेल्या माणसाने कसं फसावं’ असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

प्रत्यक्ष घरी येणारा खरेदीदार सुरक्षित, असंही नाही. तो वस्तू बघतो, चहा घेतो, पसंत पडली म्हणतो आणि तुमच्यासमोर फोन काढून पैसे ‘पाठवतो’. हिरवी बरोबरची खूण दाखवतो. असं चित्र दाखवणारी खोटी ॲप बाजारात आहेत. जोडीला तुमच्या फोनवर बँकेसारखा मेसेजही येतो, पण तो साध्या दहा आकडी नंबरवरून आलेला असतो. कधी त्यात मुद्दाम एक शून्य जास्त असतं. पाच हजारांच्या जागी पन्नास हजार. मग तो रडकुंडीला येतो: साहेब, चुकून जास्त गेले, आईच्या ऑपरेशनचे आहेत, वरचे परत पाठवा. आपण घाईघाईने आपले खरे पैसे पाठवतो, आणि त्याचे आलेलेच नसतात.

मेसेज आणि स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपलं बँकेचं ॲप उघडायचं, शिल्लक बघायची, व्यवहारांच्या यादीत ती रक्कम दिसली तरच वस्तू हातातून सोडायची. ‘सर्व्हर डाउन आहे, दहा मिनिटांत येतील’ असं म्हणाला, तर दहा मिनिटं थांबू. आणखी एक चहा होईल. प्रामाणिक माणूस थांबतो, आणि मला आजवर असा कुणी भेटला नाही ज्याला त्याचा राग आला. घाई फक्त लबाडाला असते. खाली टेम्पो उभा आहे, ड्रायव्हर ओरडतोय, ट्रेन चुकेल, दुसरा विकणाराही तयार आहे, अशी ती घाई असते. वस्तू न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याला बिचाऱ्याला कशाचीच कल्पना नसते. त्याला भाड्याने बोलावलेलं असतं.

यापुढचा प्रकार मला सगळ्यात भयंकर वाटतो, कारण यात पैसे खरोखर जमा होतात.

खरेदीदार म्हणतो, माझ्या खात्याची मर्यादा संपली, मित्राच्या खात्यातून पाठवतो. पैसे येतात, तुम्ही ॲपमध्ये खात्री करता, वस्तू देता. सगळं नियमाप्रमाणे झालेलं असतं. काही आठवड्यांनी तुमचं खातं गोठवलं जातं. बँक सांगते, अमुक राज्याच्या सायबर पोलिसांकडून पत्र आलंय. झालेलं असं असतं, की ‘मित्र’ म्हणजे तिसऱ्याच कुणाचा फसवणुकीचा बळी. भामट्याने त्याला गंडवून पैसे थेट तुमच्या खात्यात पाठवायला लावले आणि स्वतः तुमची वस्तू घेऊन गेला. त्या माणसाने तक्रार केली, पोलीस पैशांच्या मागावर निघाले, आणि माग तुमच्या दारात येऊन थांबला. जप्तीचा हा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. पोलिसांचंही चुकतं असं नाही, त्यांना तर पैसे जिथे गेले तिथेच बघावं लागतं. पण ज्याचा पगार त्या खात्यात येतो, घराचा हप्ता त्यातून जातो, त्याने परराज्यातल्या पोलीस ठाण्याला आपण निर्दोष आहोत हे पटवायचं कसं?

पटवायचं कागदाने. म्हणून माझा आग्रह आहे, की किमती वस्तू विकताना पैसे खरेदीदाराच्या स्वतःच्या, त्याच्याच नावाच्या खात्यातूनच घ्या. यूपीआयवर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. ते ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर रक्कम वापरू नका, वस्तूही देऊ नका, आणि थेट बँकेला कळवा. त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच खात्यात ती ‘परत’ तर अजिबात करू नका. दोन ओळींची पावती लिहा: कोणती वस्तू, तिच्यावरचा अनुक्रमांक, किंमत, तारीख, दोघांच्या सह्या. फोन विकत असाल तर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, लिहा. मूळ बिलाची एक प्रत जवळ ठेवा. याला फार तर पाच मिनिटं लागतात. सोनाराकडे आपण पावतीशिवाय पाऊल उचलत नाही, मग ऐंशी हजारांची लेन्स अनोळखी माणसाच्या हातात देताना कागद मागायचा संकोच का? रोख घेणार असाल तर दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, हेही ध्यानात ठेवा. आणि मोठी रोकड असेल तर ती आपल्या बँकेच्या शाखेतच घ्या. नोटा तिथेच मोजून, तपासून होतात.

गाडी विकणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. इथे फसवणूक पैशांची नसते, नावाची असते. खरेदीदार पूर्ण पैसे देतो, मालकी बदलाचे सही केलेले फॉर्म २९ आणि ३० घेऊन जातो आणि आरटीओत नाव बदलतच नाही. चलनं तुमच्या मोबाइलवर येत राहतात. ती गाडी उद्या कुणाला धडकली तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका प्रकरणात स्पष्ट केलं, की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी पुढे हातोहात विकली गेलेली असली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. ते स्वतः करा. ‘एजंट करतो’ यावर सोडू नका. एक चक्कर गेली तर गेली. आणि चाचणीसाठी चक्कर मारायला देताना त्याची गाडी किंवा त्याचा माणूस तुमच्याजवळ थांबला पाहिजे, हे मी वेगळं सांगायला नको.

चेकबद्दल एवढंच, की चेक भरल्याची स्लिप म्हणजे पैसे नव्हेत. वटल्यावरच वस्तू द्या. न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ आहे, बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते. पण एका कॅमेऱ्यासाठी कोर्टात खेटे कोण घालणार?

कुरियरने पाठवणार असाल तर वस्तूचा अनुक्रमांक दिसेल असा, खोकं बंद होईपर्यंतचा सलग व्हिडिओ काढा आणि पावतीवर वजन लिहून घ्या. ‘खोक्यात दगड निघाला’ म्हणणारे आहेत.

घासाघीस करणाऱ्याला मात्र मी लबाड म्हणणार नाही. तो त्याचा हक्क आहे. उलट जो किंमतच विचारत नाही, शटर किती वेळा उघडलंय विचारत नाही, लेन्सवर बुरशी आहे का विचारत नाही, न बघताच ‘डन’ म्हणतो, त्याला वस्तू नकोच आहे. खऱ्या गिऱ्हाइकाला शंका असतात. त्या असाव्यातही. त्याच हक्काने आपणही विचारावं.

पुन्हा मावशीकडे येतो. पैसे गेल्यावर दोन-तीन दिवस ती कुणालाच काही बोलली नाही. मुलगा रागावेल, सून काय म्हणेल, ‘एवढंही कळलं नाही का’ हे ऐकून घ्यावं लागेल, अशी धास्ती. त्या दोन-तीन दिवसांत पैसे कुठल्या कुठे गेले. तिने तासाभरात १९३० या हेल्पलाइनवर फोन केला असता तर निदान काही रक्कम पुढच्या खात्यातच अडवता आली असती. ही यंत्रणा २०२१ पासून त्यासाठीच आहे. तक्रार नोंदवली की पैसे ज्या बँकेत गेले असतील त्या बँकेपर्यंत निरोप जातो, आणि तोवर ते काढले गेले नसतील तर रोखले जातात. म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. पिन आपणच टाकलेला असल्यामुळे बँक तो व्यवहार आपल्या संमतीचा धरते, त्यामुळे नंतर बँकेशी भांडून फारसं काही हाती लागत नाही.

तेव्हा घरातल्या तरुण मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. आई-बाबा, आत्या, काका फसले असं कळलं तर पहिलं वाक्य ‘तुम्ही असं कसं केलंत’ हे नको. पहिल्यांदा १९३० लावा. फोनवर बोलतानाच बारा आकडी व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि मोबाइल नंबर हाताशी ठेवा. चॅट पुसू नका, रागाने ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि तिचा क्रमांक घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. ‘आरोपी बाहेरच्या राज्यातला आहे, हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं उत्तर मिळालं, तर शांतपणे सांगा, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. तिथे एकट्या म्हाताऱ्या माणसाला पाठवू नका, सोबत कुणीतरी जा.