तीन शिट्ट्यांत हेलबॉय

'हेलबॉय' या हॉलिवूड सिनेमाचा 2004 सालचा पहिला भाग मी घरात एकदा दाखवला होता. अर्ध्यातच बायको भांडी घासायला उठली. आमच्याकडे भांड्यांना मावशी येतात, हे लक्षात घ्या.

त्यामुळे परवा शनिवारी "आज दुसरा भाग बघू" म्हटल्यावर घरात एकदम शांतता पसरली. "हा खरंच चांगला आहे गं," मी म्हणालो. हे वाक्य मी नवीन मिक्सरबद्दलही बोललो होतो. त्यात सासूबाई मुक्कामाला. त्या निवृत्त गणित शिक्षिका, पायरी गाळलेली चालत नाही. "पहिल्यात काय झालं ते कळल्याशिवाय दुसरा कसा बघायचा?"

"कुकर लावलाय," बायको आतून म्हणाली. "तीन शिट्ट्यांत सांगून टाक."

मी सुरुवात केली. 1944 साल. स्कॉटलंडजवळचं एक बेट. नाझी आणि रशियन मांत्रिक रास्पुतिन मिळून नरकाचं दार उघडतात आणि त्यातून लालभडक, शेपटीवालं, उजवा हात दगडाचा असलेलं एक पोर बाहेर पडतं. एक प्रोफेसर त्याला वाढवतात.

"म्हणजे दत्तक," सासूबाई म्हणाल्या. "बारसं कोणी केलं?"

"सैनिकांनी. हेलबॉय."

"हे काय नाव झालं?" यात दुसरी शिट्टी गेली.

मोठेपणी तो अमेरिकेच्या गुप्त खात्यात लागतो, राक्षस पकडतो आणि शिंगं घासून घासून बुंधे तेवढे ठेवतो.

"सरकारी खातं?" सासूबाई सावरून बसल्या. तिसरी शिट्टी झाली.

पहिल्या भागाची खरी अडचण सांगायला वेळच उरला नाही. त्यात एक नवा पोरगा खात्यात रुजू होतो आणि प्रत्येक गोष्ट त्याला समजावून सांगतात, म्हणजे आपल्याला. 2008 च्या दुसऱ्या भागात दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोनं त्याची सरळ अंटार्क्टिकाला बदली केली. सासूबाईंच्या सर्व्हिसमध्ये अशा बदल्या झालेल्या असल्यानं त्यांना हे पटलं.

आता समालोचन माझ्याकडे. सबटायटल इंग्रजी, त्यामुळे मी दर वाक्यागणिक मराठी. सुरुवातीला प्रोफेसर छोट्या हेलबॉयला झोपताना गोष्ट सांगतात: एल्फ नावाच्या परीकथेतल्या लोकांच्या राजानं सोन्याचे यांत्रिक सैनिक बनवून घेतले, सत्तर गुणिले सत्तर.

"चार हजार नऊशे," सासूबाईंनी माझ्या आधी उत्तर दिलं.

पुढे हेलबॉय आणि त्याची प्रेयसी लिझ यांचं खोलीतल्या पसाऱ्यावरून भांडण. ही लिझ रागावली की अंगातून खऱ्या ज्वाळा निघतात. इथे बायको पोळ्यांची परात घेऊनच बाहेर आली आणि परत गेली नाही. बटाटे सोलायला मला दिले.

"हिला दिवस गेलेत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. मी हसलो. थोड्या वेळानं एब नावाच्या मत्स्यमानवाला ते कळलं. त्याला त्यासाठी दैवी शक्ती लागली.

मग रस्त्यात झाडासारखा अक्राळविक्राळ वनदेव उगवतो. हेलबॉय एका हातात कुणाचं तरी तान्हं बाळ सांभाळत दुसऱ्या हातानं गोळ्या झाडतो. "बघ," बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला बाळ घेतल्यावर फोनसुद्धा उचलता येत नव्हता." वनदेव मेला, रस्ताभर हिरवळ आणि फुलं पसरली, आणि लोक हेलबॉयलाच शिव्या घालू लागले. मी सोसायटीचा सचिव आहे. पाण्याचा पंप दुरुस्त केल्यावर ते पाणी गढूळ का, म्हणून माझ्या दारात आलेले चेहरे आठवले. डोळ्यांत पाणी आलं. बटाट्यांमुळे म्हणता येईना, कांदे नव्हते.

एल्फ राजाचा मुलगा नुआडा खलनायक, पण माणसांनी जंगलं खाल्ली हे त्याचं म्हणणं खोटं नाही. सासूबाई मनातून त्याच्याच बाजूच्या होत्या. हेलबॉय आणि एब मात्र बीअर पिऊन जुनं प्रेमगीत रेकू लागले तेव्हा मायलेकींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. गणेशोत्सवातल्या माझ्या कराओकेबद्दल मी काहीच बोललो नाही.

शेवटी सगळे नोकरी सोडतात (सासूबाई: "पेन्शन?") आणि लिझ दोन बोटं दाखवते. जुळी!

"तिसरा लावा, जावईबापू."

तिसरा निघालाच नाही, मी सांगितलं. 2019 मध्ये नवा नट घेऊन सगळं पहिल्यापासून.

"म्हणजे पोरांचं बारसं राहिलंच?" त्या म्हणाल्या. आणि जेवताना, वरण वाढून घेता घेता, मला दोन नावं सुचवायला सांगितली.