लोणारात ज्वालामुखी नाही, भाऊ

हिंगोलीकडे भुईला हादरा बसला की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोणारचा ज्वालामुखी जागा होतो. गाव मेहकर तालुक्यातलं, लोणार तसं शेजारचंच. या खेपेला माझ्या चुलतभावानेच लिहिलं, "२०२० ले पाणी गुलाबी झालतं, तवाच समजा लागत होतं." त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग.

मी राहतो जपानातल्या कागोशिमात. खाडीपलीकडे साकुराजिमा ज्वालामुखी, १९५५ पासून जवळजवळ सतत धुमसणारा. राख आज कुठल्या बाजूला जाणार ते हवामानाच्या बातम्यांत बघायचं, कपडे घरात वाळत घालायचे, दारातली राख पिवळ्या पिशवीत भरून ठेवायची. तेव्हा ज्वालामुखीवर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी समजतो. ग्रुप समजत नाही.

मी सविस्तर लिहिलं. लोणारचा १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा उल्का आदळून झाला. पूर्वी अभ्यासकही त्याला ज्वालामुखीच म्हणत. १९७० च्या दशकात तिथल्या दगडांत प्रचंड आघातानेच बनणारी काच सापडली आणि उल्केची बाजू पक्की झाली. गुलाबी रंग खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलेला. आपल्या पायाखालचा काळा दगड लाव्हाचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिला, थरावर थर चढला आणि थिजला. ती चूल कधीच विझली.

उत्तर आलं, "तू सोता पेटत्या डोंगराच्या तोंडाशी राहून राह्यला, आमाले कायले शिकवतं?"

हेच झोंबलं. अरे, इथे डोंगराची कुंडली लिहिलेली आहे. मोठे उद्रेक ७६४, १४७१, १७७९, १९१४. शेवटच्या वेळी इतका लाव्हा आला की सामुद्रधुनी बुजून साकुराजिमाचं बेट शेजारच्या ओसुमी द्वीपकल्पाला चिकटलं. कुरोकामीतल्या देवळाची तीन मीटरची कमान गाडली गेली, वरचा मीटरभर भाग उघडा राहिला. ती उकरायची नाही, पुढच्यांना कळू दे, असं ठरवून ठेवलेली. आणि आपण? बहात्तरच्या दुष्काळात गावात कुठल्या विहिरीला पाणी टिकलं, पैनगंगेचा पूर कुणाच्या ओट्यापर्यंत चढला, हे कुणी लिहून ठेवलंय? म्हातारे गेले, नोंद गेली. भ्यायचं मात्र उल्केच्या खड्ड्याला.

एक गोष्ट मी ग्रुपवर टाकलेली नाही. १९१४ च्या जानेवारीत बेटावर धक्के बसत होते, तेव्हा गावप्रमुखाने वेधशाळेला विचारलं. साकुराजिमाचा उद्रेक होणार नाही, असं उत्तर मिळालं. विश्वास ठेवून थांबलेल्यांपैकी काही जण जिवाला मुकले. दहा वर्षांनी गावाने दगड उभा केला. त्यावर कोरलंय की सिद्धांतावर विसंबू नका, चिन्हं दिसताच निघा. तो दगड ग्रुपवाल्यांच्या हाती लागला तर माझी धडगत नाही. त्या लोकांनी आपली जमीन बघून शहाणपण घेतलं, फॉरवर्ड वाचून नव्हे, असं मी मनात घोकून ठेवलंय.

२४ जुलै २०२२ ला इशारा पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीला गेला. आईचा फोन आला, "बाप्पा, ये घरी आता." मी तिला नकाशा समजावला: विवराजवळच्या वस्त्यांनाच हलवलंय, आम्ही खाडीच्या अलीकडे. तिला नकाशा नको होता. खरं सांगायचं तर त्या रात्री मलाही नको होता. इथे शेजारी माझ्या दारातलीही राख झाडतात, पण सगळ्यांच्या लेखी मी भारतातून आलेला. गावात गेलो की 'जपानवाला'.

शेत मक्त्याने दिलंय. चुलतभाऊ म्हणतो, तू काही परत येत नाहीस, विकून टाक, मीच घेतो. रास्त बोलतो, भावही चांगला देतो. पण सातबाऱ्यावरचं नाव जाऊ नये म्हणून मी दर खेपेला इतका आकडा सांगतो की त्याला तो परवडूच नये.